निळ्या गाडीबद्दल, ताईला

ताई, तुझ्या तेराव्याला जेवून निघालेला प्रत्येक जण मला दारात एकच सांगत होता, की तुझा माझ्यावर फार विश्वास होता. शेजारच्या काकू तर डोळे पुसत म्हणाल्या, "काही घ्यायचं झालं की आधी बाळूला विचारते, म्हणायच्या." मी हात जोडत होतो. कोणी चपला शोधत होतं, कोणी लिफ्टचं बटण दाबून उभं होतं, आणि मला वाटत होतं की यांच्यातल्या एकाने तरी थांबून विचारावं, बाळासाहेब, तुम्ही तिच्याशी कधी खोटं बोललात का? कोणी विचारलं नाही. म्हणून हे तुलाच लिहितो आहे.

तू माझी ओळख मोठ्या मजेने करून द्यायचीस. "हा माझा धाकटा भाऊ. जुन्या गाड्यांना नावं ठेवतो आणि लोक त्यासाठी त्याला मुद्दाम बोलावतात." खोटं काहीच नव्हतं त्यात. नोकरीत असतानाची ही हौस, कारखान्यातून निवृत्त झाल्यावर माझा उद्योगच झाली. कोणाला जुनी मोटार घ्यायची असली की मी टॉर्च, लोहचुंबक आणि गुडघ्याखाली घालायची सतरंजी घेऊन जायचो. प्रदर्शनांत परीक्षक म्हणून बसायचो. स्वतः मात्र आयुष्यात एकही जुनी गाडी घेतली नाही. घेणाऱ्याला चूक करावी लागते. नावं ठेवणाऱ्याचं तसं नसतं.

आणि माझं मत ठरलेलं होतं. गाडी कारखान्यातून जशी निघाली तशीच असली पाहिजे. जुन्या देखण्या गाडीत नवं इंजिन, नवे ब्रेक, एसी घालून तिला आजच्या रस्त्यांवर पळण्याजोगी करण्याची जी टूम आली आहे, तिच्यावर माझा राग होता. गुढीपाडव्याला तू मला फोनवर तसल्याच एका गाडीचा फोटो दाखवलास आणि म्हणालीस, "बाळ्या, मला अशी घ्यायचीय." मी फोन परत दिला आणि म्हणालो, "ज्या दिवशी इंजिन बदललं, त्या दिवशी गाडी मेली, ताई."

"माझा गुडघा बदलला, तेव्हा मी मेले का रे?"

तुझा निखिल हसला. मीही हसलो. तो वाद तिथेच राहिला, ताई, आणि तू जिंकलेली आहेस.

गाडी का हवी होती, ते मला विचारावं लागलं नाही. मी सात वर्षांचा होतो आणि तू बारा. सोलापूर रस्त्याच्या कडेला, आपल्या मळ्याच्या तोंडाशी, आपण पेरूच्या पाट्या घेऊन बसायचो. एक लांब नाकाची, दोनच दारांची गाडी आली आणि वाफा टाकत आपल्यासमोर थांबली. चालवणारी बाई होती. आण्णा विहिरीवर होते, आई पाट्यांमागे डोक्यावरचा पदर सारखा करत नुसतीच बघत राहिली. तू कळशी घेऊन धावलीस. इंजिन निवायला तास लागला, आणि तो तासभर त्या बाईंनी तुला चाकामागे बसवलं. मी भिऊन आईला चिकटलो होतो. तू मात्र दोन्ही हात चाकावर ठेवून समोरच्या रस्त्याकडे असं बघत होतीस, जसं काही निघालीच आहेस. बाईंनी सांगितलं, या गाड्या लांबच्या प्रवासासाठी बांधतात. सकाळी एका देशात निघायचं आणि संध्याकाळी दुसऱ्या देशात जेवायचं.

"ती गाडी माझ्यासमोर उकळली होती," तू पाडव्याला म्हणालीस. "मला तशी उकळणारी नको. मला पोचणारी हवी. दिसायला ती, आणि पोचायला आजची. यात चुकलं काय?"

कुठे पोचायचंय, तेही ठरलेलं होतं. हंपी. साताऱ्यावरून, कोल्हापूर, हुबळी. दाजी होते तोवर गाडी दाजी चालवायचे आणि तू शेजारी बसून रस्ता सांगायचीस. माणूस चांगला, पण चाक कधी सोडलं नाही. ते गेल्यावर साठीला टेकलेली तू ड्रायव्हिंग शिकलीस. आता दाजींच्या वाट्याच्या जमिनीचे पैसे आले होते, निखिलला त्यातलं काही नको होतं, आणि हंपीला तू चालवणार होतीस. "तू शेजारी बस," मला म्हणालीस, "आणि गप्प बस."

पहिली गाडी आपण बाणेरला पाहिली. लाल, आरशासारखी. मी सतरंजी अंथरायच्या आतच तू म्हणालीस, "बाळ्या, दाराची फट वर बारीक आहे आणि खाली जाड." तीस वर्षं पंपांच्या कारखान्यात ट्रेसिंग पेपरवर शाईने रेषा ओढलेली बाई. तुला रेषा खोटी बोललेली लगेच कळायची. मी चुंबक लावलं, तर दाराच्या खालच्या अर्ध्यात ते चिकटेना. पत्रा गंजून गेला होता आणि जागा नुसत्या पुट्टीने भरलेली. दुसरी गाडी कोरेगाव पार्कात. तिच्यात पुढे टीव्हीएवढा पडदा, चाकं बैलगाडीएवढी, आणि सुरू केली तर सोसायटीतली कुत्री भुंकायला लागली. तू एक चक्कर मारून म्हणालीस, "ही गाडी नाही, हा वरातीतला नवरदेव आहे." मालकाला ते आवडलं नाही. मला फार आवडलं.

तिसरी वडकीला, सासवड रस्त्यावर, पानशांच्या शेडमध्ये.

पानसे म्हणजे निवृत्त इंजिनिअर. भिंतीवर पाटी, "पाहायला काही पडत नाही. हात लावल्यास पडेल." गाडी गडद निळी होती. साठ वर्षांपूर्वी परदेशात बनलेली, इथे कुठल्याशा गोदामात सडलेली, आणि पानशांनी चार वर्षं खपून उभी केलेली. तू तिच्याभोवती हळूहळू फिरलीस आणि मागच्या खिडकीच्या कमानीवर हवेतच बोट फिरवून म्हणालीस, "इथे मूळ वळण जरासं खाली असणार."

पानसे चष्मा वर सरकवून तुझ्याकडे बघतच राहिले. "अहो, दोन वर्षांत हे मला कोणी सांगितलेलं नाही. काच नवी बनवून घेतली, ती पाव सूत चुकली, मिलिमीटरभरसुद्धा नाही. आपण काय करता?"

"काही नाही. पेन्शन घेते."

मी दोन तास त्या गाडीखाली आणि गाडीत होतो. चुका शोधायलाच गेलो होतो, हे आता कबूल करायला हरकत नाही. असल्या गाड्यांत चूक बहुधा ठरलेली असते. हौशीने इंजिन दमदार घालतात आणि ब्रेक जुनेच ठेवतात, किंवा ब्रेक बदलतात आणि त्यांचा भार पेलणारा सांगाडा, ज्याला गॅरेजवाले चासी म्हणतात, तो तसाच सोडून देतात. एक गोष्ट बदलली की तिच्यामागच्या दहा बदलाव्या लागतात. पानशांनी दहाही बदलल्या होत्या. चासी लिफ्टवर घेऊन मी टोकापासून टोकापर्यंत टॉर्च फिरवला. वेल्डिंग असं, की बोटाला लागू नये. आरसी बुकात नव्या इंजिनाची रीतसर नोंद. एसीची हवा जुन्याच जाळ्यांतून येत होती आणि जुनी काट्यांची घड्याळंच वेग दाखवत होती. आयुष्यभर मी जे अशक्य म्हणत आलो, ते माझ्या डोक्यावर टांगलेलं होतं.

मग तू ती दिवे घाटात चालवलीस. मी शेजारी. पहिल्या वळणाला तू जरा दबकलीस, दुसऱ्याला नाही. वर झेंडेवाडीपाशी गाडी वळवताना तुझा तो नवा गुडघा आणि जुना गुडघा दोन्ही निमूट होते. ट्रकच्या मागे तू घाई केली नाहीस, आणि रस्ता मोकळा दिसल्यावर अशी पुढे काढलीस की मला काही बोलायची संधीच मिळाली नाही. खाली आल्यावर किल्ली पानशांना देताना तुझा हात जरा रेंगाळला.

"कशी आहे?" तू मला विचारलंस.

"उद्या सांगतो," मी म्हणालो. मला रात्रभर विचार करायचा होता असं नाही. फक्त "चुकलो" हा शब्द तोंडातून निघत नव्हता.

संध्याकाळी निखिलचा फोन आला. पोराला दोष देऊ नकोस, ताई. घाबरलेला होता. "मामा, प्लीज, तुम्ही नाही म्हणा. आई सहासष्टची आहे, तिला हंपीपर्यंत हायवेवर एकटीला जायचंय. मी नको म्हटलं तर ती हट्टाला पेटेल. तुमचं ती ऐकेल."

"एकटी नाही, मी आहे ना बरोबर."

"तुमची अँजिओप्लास्टी झालीय, मामा."

मी फोन ठेवला आणि मला हलकं वाटलं. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. मला हलकं वाटलं, कारण आता "नको" म्हणायला कारण मिळालं होतं आणि ते प्रेमाचं दिसत होतं. तुझी काळजी होती, नव्हती असं नाही. पण तिच्याखाली दुसरं काही होतं. ज्या प्रकारच्या गाडीला मी प्रदर्शनात तीसेक माणसांसमोर मेलेली म्हटलं होतं, ती माझी बहीण हडपसरच्या चौकातून चालवत नेणार आणि लोक मला विचारणार. आणि त्याखाली आणखी एक. मी चाळीस वर्षं ज्या गाड्यांच्या खाली झोपलो, त्यातली एक तू घेणार होतीस. माझी छाती कधी झाली नाही.

दुसऱ्या दिवशी मी तुझ्याकडे आलो. तू पोहे केले होतेस. मी बशी हातात घेऊन म्हणालो, "ताई, नको ती. चासीला तडा आहे. जुना, वेल्डिंग करून झाकलेला. गावात चालेल, हायवेवर धोका."

तू आत गेलीस आणि कागद-पेन्सिल घेऊन आलीस. "कुठे? काढून दाखव."

तुझ्यासमोर चित्र काढायचं, ताई. तूच मला ते शिकवलं होतंस. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षी ड्रॉइंगमध्ये नापास झालो, तेव्हा आण्णा म्हणाले होते, "बास झालं शिक्षण, मळ्यावर चल." तू त्यांच्यासमोर उभी राहून म्हणालीस, "न्हाई. म्या शिकविते त्याला." मग चार महिने रोज कामावरून आल्यावर स्वयंपाकघरातल्या पाटावर ड्रॉइंगचा फळा ठेवून तू मला वस्तू कापून आतून कशी दिसते ते काढायला लावलंस. रेष चुकली की पेन्सिलीचं मागचं टोक माझ्या बोटांवर. "दिसतं ते काढ. वाटतं ते नको काढूस." पुढे माझी सगळी नोकरी त्या पाटावर उभी राहिली.

त्याच हाताने मी चासीचा आडवा पट्टा काढला, मागच्या चाकाजवळचा जोड काढला आणि त्यावर एक बारीक, तिरकी, वाकडी रेघ ओढली. चांगली काढली. कोणालाही खरी वाटली असती. तू कागद बराच वेळ पाहिलास.

"बरं," म्हणालीस. "तू बघितलंयस म्हणजे असणार."

मी पोहे संपवले. काय चव होती ते सांगता येणार नाही, पण संपवले.

नंतर तू गाडीचा विषय काढला नाहीस. हंपीचाही नाही. तुझी छोटी मोटार घेऊन मंडईत जायचीस, पार्किंग मिळत नाही म्हणून कुरकुरायचीस, स्वारगेटच्या सिग्नलला किती वेळ गेला ते फोनवर सांगायचीस. मला वाटलं, विसरलीस. मीच मला समजावलं, की वयस्कर माणसाची हौस असते, येते आणि जाते.

भाऊबीजेला तू मला ओवाळलंस. तबक खाली ठेवलंस, पण पाटावरून उठू दिलं नाहीस. निखिल आत होता. खोलीत आपण दोघंच. तू अगदी साध्या आवाजात विचारलंस, "बाळ्या, त्या निळ्या गाडीला तडा नक्की होता ना?"

"होता."

"नक्की?"

"ताई, मी काय खोटं सांगेन?"

तू माझ्या हातावर करंजी ठेवलीस आणि म्हणालीस, "खा. गरम आहेत."

त्यानंतर महिन्याभरात तू गेलीस. सकाळी, पावटा सोलताना, कुठलीही तक्रार न करता. निखिलचा फोन आला तेव्हा मी एकाच्या गाडीखाली होतो. मी पोचलो तेव्हा डॉक्टर बाहेर आले होते. अर्धा पावटा टोपलीत होता, अर्धा ताटात. सूनबाईला तो टाकवेना आणि शिजवताही येईना.

तेरावं झाल्यावर चौथ्या दिवशी मी वडकीला गेलो. तुझ्याशी बोलायचं राहिलं होतं, निदान पानशांशी तरी बोलावं. त्यांच्या कामाची मी नालस्ती केली होती आणि त्यांना ती कळलीही नव्हती, असं मी समजत होतो. निळी गाडी शेडमध्ये नव्हती. दिवाळीनंतर कोल्हापूरच्या कोणी नेली म्हणाले. मी तू गेल्याचं सांगितलं. ते स्टूलवर बसले. मग मी बाकीचंही सांगितलं. तडा, कागद, सगळं.

पानसे चिंधीने बोटं पुसत राहिले. "मला माहीत होतं," म्हणाले.

"कसं?"

"बाई आल्या होत्या. तुम्ही नको म्हटल्यावर आठ-दहा दिवसांनी. एकट्या, रिक्षाने. मला कागद दाखवला. म्हणाल्या, माझ्या भावाने काढलाय." त्यांनी चिंधी बाजूला ठेवली. "अहो, मी भडकलो. साहजिक आहे. मी म्हटलं, बाई, आत्ता तुमच्यासमोर लिफ्टवर घेतो. स्वतः बघा. तडा सापडला तर गाडी तशीच घेऊन जा."

"मग?"

"मी बटण दाबायला गेलो, तर त्यांनी माझा हात धरला. म्हणाल्या, नको. वर घेऊ नका. मी म्हटलं, का? तर म्हणाल्या, तडा असला तर प्रश्नच नाही. पण नसला तर? गाडी मिळेल हो. भाऊ कुठून आणू?"

पानसे पुढे म्हणाले, "मग विचारलं, पाच मिनिटं आत बसू का. बसल्या. किल्ली मागितली नाही. उतरल्या, आणि माझी खिडकी पाव सूत खाली घ्या म्हणाल्या, घेणारा कोणीही असो. मी घेतली."

वडकीहून परत येताना मी फुरसुंगीच्या फाट्यावर स्कूटर बाजूला लावली आणि भाऊबीजेपासून मागचे दिवस मोजत बसलो. तू मला विचारलंस, त्याच्या अडीच महिने आधी तू पानशांकडे जाऊन आली होतीस. म्हणजे पाटावर बसवून, निखिल आत असताना, हळू आवाजात तू मला गाडीबद्दल विचारलंच नव्हतंस. तू मला परत यायला वाट करून दिली होतीस. एकदा नाही, दोनदा. आणि मी दोन्ही वेळा होता म्हणालो, वर तुझ्यासमोर माझ्या खरेपणाचा हवाला दिला, आणि तू माझ्या हातावर करंजी ठेवलीस.

संध्याकाळी निखिलला सांगितलं. त्याने सगळं ऐकलं. रडला. मग तोंड धुऊन आला आणि म्हणाला, "मामा, मी तुम्हाला नाही म्हणायला सांगितलं होतं. तडा सांगायला नव्हतं सांगितलं." रागाने नाही म्हणाला. खरं होतं तेच म्हणाला. मी मान हलवली.

प्रदर्शनवाल्यांना मी यंदा येत नसल्याचं कळवलं आहे. ते काही प्रायश्चित्त नाही, ताई, उगाच मोठं करत नाही. फक्त परीक्षकांच्या टेबलाशी बसून दुसऱ्याच्या गाडीत खरं काय आणि खोटं काय, हे सांगायला माझं तोंड उघडणार नाही, एवढंच. तुझ्यावर रागवावंसंही मला दोनतीनदा वाटलं. लिफ्ट वर घेतली असतीस, माझ्या दारात येऊन मला चारचौघांत फाडलं असतंस, तर आज तू हंपी पाहिली असतीस आणि आपण महिनाभर बोललो नसतो. मग तू हाक मारली असतीस आणि मी आलो असतो. मी आलो असतो, ताई. तुला एवढी खात्री का नव्हती? की होती, आणि ती धोक्यात घालायची नव्हती? हे आता मला कोण सांगणार.

तेव्हा जे पोह्यांच्या बशीवर सांगायचं होतं, ते आता सांगतो. परीक्षक म्हणून सांगतो आणि तुझा भाऊ म्हणूनही. गाडी उत्तम होती. मी आजवर पाहिलेल्या गाड्यांत सगळ्यांत प्रामाणिक होती. इंजिन बदललं म्हणून ती मेली नव्हती. ब्रेक सरळ रेषेत धरत होते, घाटात तापमानाचा काटा एकदाही वर चढला नाही, आणि तू ती माझ्यापेक्षा चांगली चालवत होतीस. घ्यायला हवी होतीस. मी शेजारी बसलो असतो आणि गप्प बसलो असतो.

तडा नव्हता, ताई.